परभाषेच्या खुणा आणि त्यांची दुरुस्ती



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही तो एका दमात सांगून टाकला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थोडे ओशाळलो. काल याच व्यासपीठावरून आपण धरणांच्या प्रश्नावर ऐकलेत, उद्या नाट्यसंगीतावर ऐकणार आहात. मध्ये आमचा हा विषय: विकीवरच्या लेखांत परभाषेतील मजकुराला ज्या खुणा करतात, त्या चुकल्या तर दुरुस्त कशा कराव्यात. पानात मीठ वाढतात तसा हा प्रकार आहे. चिमूटभर, कोपऱ्यात, आणि वाढणाऱ्याकडे कोणी वर पाहतही नाही. तरीही चिटणीसांनी विषय मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही सुरुवात करतो.

आम्ही या विषयाकडे कसे वळलो हे आधी सांगितले पाहिजे, कारण आम्ही यंत्रशास्त्रातले नव्हेत. आमचे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. खिळे जुळवण्याचा तो काळ होता. मराठी मजकुरात मध्येच एखादा इंग्रजी शब्द आला, की जुळारी हातातली पट्टी घेऊन उठे आणि इंग्रजी खिळ्यांच्या केसकडे जाई. मूळ लेखकाचे अक्षर वाईट असेल तर आम्ही हस्तलिखितात त्या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहीत असू, ‘हा शब्द इंग्रजी’. एवढी सूचना नसली, तर जुळारी बिचारा ती वेलांटीसारखी अक्षरे मराठीच समजून काहीतरी जुळवून टाकी. निवृत्तीनंतर नातवाने आम्हांला विकीवर संपादन करावयास शिकवले आणि तेथे पहिल्याच आठवड्यात आम्हांला ती जुनी समासातली सूचना पुन्हा भेटली. फक्त आता जुळारी म्हणजे यंत्र होते.

विकी म्हणजे काय हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली असे एक संकेतस्थळ सुरू केले, की ज्याची पाने वाचणाऱ्यालाच बदलता यावीत. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावे. हवाई भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘लवकर लवकर’. त्यावरून हे नाव. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा ज्ञानकोश निघाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ या महाराष्ट्रदिनी सुरू झाला. मराठीतल्या संपादकांनी त्यासाठी जे शब्द योजले आहेत, त्यांचे आम्हांला फार कौतुक वाटते. चर्चेची जागा ती ‘चावडी’. सराव करण्याचे पान ती ‘धूळपाटी’. माणसाने नेमून दिलेले काम न कंटाळता करणारा यांत्रिक संपादक, त्याला ‘सांगकाम्या’ म्हणतात! ज्याने हा शब्द शोधला त्याने बालपणी गोष्टी मन लावून ऐकल्या असल्या पाहिजेत.

आता खुणेकडे वळू. पान आपणांस दिसते तसे यंत्राला दिसत नाही. पानाच्या मागे त्याचा स्रोत असतो, आणि स्रोतात परभाषेतला मजकूर एका साच्यात गुंडाळलेला असतो. दोन महिरपी कंस उघडावयाचे, ‘लँग’ हे साच्याचे नाव लिहावयाचे, मग एक उभी रेघ, मग त्या भाषेची दोन किंवा तीन अक्षरांची संज्ञा, पुन्हा उभी रेघ, मग प्रत्यक्ष मजकूर, आणि शेवटी दोन महिरपी कंस बंद. मराठीची संज्ञा ‘एमआर’, संस्कृतची ‘एसए’, फ्रेंचची ‘एफआर’. वाचकाला यातले काहीही दिसत नाही. दिसतो फक्त मजकूर.

मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एक कारण आमच्या जुन्या धंद्यातलेच आहे. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीतल्या वळणाहून वेगळे असते, हे ज्यांनी बाळबोध अक्षर गिरवले त्यांना सांगावयास नको. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन ‘ल’ एकच अक्षर आहेत. पुष्कळ टंकांच्या पोटात दोन्ही वळणे ठेवलेली असतात आणि भाषेची खूण पाहून यंत्र त्यांतले एक काढते. खूण नसेल तर टंक करणाऱ्याने जे मूळचे मानले असेल, बहुधा हिंदीचे, ते समोर येते. चिनी आणि जपानी यांचे असेच आहे. दोघींनी वापरलेल्या कित्येक चित्राक्षरांना यंत्रात एकच क्रमांक आहे, पण टोकियोतला वाचक आणि पेकिंगचा वाचक ती थोडी निराळी लिहितो. तुर्की भाषेत बिंदू असलेला आणि नसलेला असे दोन ‘आय’ आहेत. मोठी अक्षरे करताना तुर्कीची खूण नसेल तर यंत्र हटकून चुकीचा ‘आय’ घालते. ही कारणे झाली डोळ्यांची. कानांचे कारण अधिक मोठे आहे, आणि ते आम्हांला एका संगीतशिक्षकांनी शिकवले.

हे गृहस्थ आमच्या परिचयाचे. दृष्टी तरुणपणीच गेली. ते संगणकावर वाचतात ते ऐकून. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी साधने आता आहेत; त्यांतले एनव्हीडीए नावाचे एक साधन मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केले, आणि ते फुकट मिळते. खूण बरोबर असेल आणि त्या भाषेचा आवाज यंत्रात असेल, तर हे साधन इंग्रजी वाचता वाचता मराठी ओळ आली की आवाज बदलते. एके संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो असता ते संगीत नाटकांवरचा एक इंग्रजी लेख ऐकत होते. मध्ये देवनागरीत पदांची सुरुवात दिली होती. दोन पदे यंत्राने स्वच्छ मराठीत म्हटली. तिसऱ्या ठिकाणी ते काहीही न बोलता पुढच्या इंग्रजी वाक्यावर गेले. आम्ही पडदा पाहत होतो, म्हणून म्हटले, “अहो, तिसरे पद राहिले की!” ते म्हणाले, “तिसरे होते का? दोन वाक्यांच्या मध्ये काही गळले, हे मला कसे कळावे?”

आम्ही तेथेच त्यांच्या संगणकावर स्रोत उघडला. पदाला खूण केलेली होती. साचा होता, कंस होते, रेघा होत्या. संज्ञा मात्र ‘एमआर’ नव्हती. ‘एमएच’ होती.

आपणांपैकी निम्म्या लोकांनी आज येथे येताना ही दोन अक्षरे पाहिली असतील. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीच्या पाटीवर ती आहेत. कोणा भल्या माणसाने विचार केला असेल, मराठी म्हणजे महाराष्ट्र, आणि महाराष्ट्र म्हणजे एमएच. परंतु भाषांच्या संज्ञांत ‘एमएच’ म्हणजे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची मार्शलीज भाषा. २०२४ साली आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, आणि इकडे आम्ही नाटकातले पद मार्शल बेटांवर नेऊन ठेवले! आमच्या मित्रांच्या यंत्रात तो आवाज नव्हता, म्हणून ते गप्प राहिले.

त्या रात्री आम्हांला झोप लागेना, म्हणून वहीत मोटारींच्या पाट्या लिहून काढल्या आणि त्यांच्यासमोर भाषांच्या संज्ञा मांडल्या. कर्नाटकाचे ‘केए’ म्हणजे जॉर्जियन. कानडीची संज्ञा ‘केएन’. केरळचे ‘केएल’ ही ग्रीनलंडची भाषा. तामिळनाडूचे ‘टीएन’ ही आफ्रिकेतली त्स्वाना. तमिळची संज्ञा ‘टीए’. हरियाणाचे ‘एचआर’ म्हणजे क्रोएशियन. गोव्याचे ‘जीए’ म्हणजे आयरिश. या शेवटच्या नोंदीशी आमची पुढे गाठ पडावयाची आहे, ती लक्षात असू द्यावी. देशांच्या संक्षेपांनीही असाच घोळ होतो. जपानचा संक्षेप ‘जेपी’, पण जपानी भाषेची संज्ञा ‘जेए’. स्वीडनचा ‘एसई’, पण स्वीडिश ‘एसव्ही’. आणि ‘एसई’ ही उत्तरेकडच्या सामी लोकांची भाषा. कोरियाचा ‘केआर’, पण कोरियन ‘केओ’. आणि ‘केआर’ ही कनुरी, नायजेरियाकडची.

यांत दोन जातींच्या चुका आहेत हे आपल्या ध्यानात आले असेल. ‘जेपी’ ही कोणत्याच भाषेची संज्ञा नाही. तेव्हा ती लिहिली की इंग्रजी विकिपीडियावर साचा तांबड्या अक्षरांत ओरडतो, ‘अनोळखी भाषा’, आणि ते पान चुकांच्या वर्गात जाऊन पडते. तेथून कोणीतरी ते उचलतो. ‘एमएच’ ही खरीखुरी संज्ञा आहे, म्हणून साचा समाधानी असतो. तांबडे काही दिसत नाही. वर्ग नाही, यादी नाही. मुद्रिते तपासताना आम्हांला हाच अनुभव होता. उलटा पडलेला खिळा पोरगाही दाखवील. ‘पाणी’च्या जागी ‘पान’ जुळवलेले असेल तर ते ओळ वाचणाऱ्यालाच सापडते.

तांबड्या चुकांविषयी आता थोडे बोलू, कारण त्याही पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या एका चुकीने आम्हांला फार हैराण केले. कंस अर्धवट बंद करणे ही सर्वांत साधी. शेवटी एकच महिरप दिली तर साचा चालतच नाही, आणि आतली सगळी आतडी वाचकासमोर येतात. साच्याऐवजी हाताने खूण करून ती बंद करावयाची राहिली, तर त्या खुणेचा अंमल पुढच्या मजकुरावर चालू राहतो. २०१८ पर्यंत विकिमीडियाच्या घरात ‘टायडी’ नावाचे एक साधन असे, ते अशी उघडी टोके गुपचूप बंद करून टाकी. त्या वर्षी ते काढून नवे साधन बसवले आणि वर्षानुवर्षे झाकून राहिलेल्या चुका उघड्या पडल्या. घरातली जुनी मोलकरीण गेल्यावर कोण कोठे काय टाकतो ते कळते, तसे झाले. तिरप्या अक्षरांचे आणखी एक लचांड असते. रोमन लिपीतला परका शब्द साचा आपोआप तिरपा करतो. संपादक सवयीने आत आणखी तिरपेपणाची चिन्हे घालतो, आणि साचा तक्रार करतो. आतली चिन्हे काढली की झाले.

फारसी, उर्दू, अरबी यांची गंमत निराळी. ती लिपी उजवीकडून डावीकडे चालते. शिवकालावरच्या लेखांत फारसी नाव देऊन पुढे वर्ष लिहिलेले असते. ते वर्ष इंग्रजी आकड्यांत असेल तर नावाच्या उजवीकडे न राहता पार डावीकडे जाऊन बसते. तेच देवनागरी आकड्यांत लिहिले तर जागचे हलत नाही, कारण देवनागरी आकडे डावीकडून उजवीकडे चालणाऱ्यांच्या गोटातले म्हणून नोंदलेले आहेत आणि इंग्रजी आकडे थोडे फितूर असतात, शेजारी बघून वागतात. येथे लक्षात ठेवावयाचे ते एवढे, की भाषेची खूण आणि दिशेची खूण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साचा दोन्ही लावतो. हाताने खूण करणाऱ्याने दिशेची स्वतंत्रपणे लावावी लागते.

पण आम्हांला हैराण केले ते आपल्याच दंडाने. संस्कृत श्लोकाच्या पहिल्या ओळीअखेर एक दंड आणि दुसरीच्या अखेरीस दोन दंड लिहितात. कळफलकावर दंड सापडत नाही म्हणून पुष्कळ लोक त्याच्या जागी उभी रेघ देतात. दिसावयास दोन्ही सारखी. परंतु आपण मघाशी पाहिले, की साच्यात उभी रेघ म्हणजे दोन खणांमधली भिंत. पहिला खण संज्ञेचा, दुसरा मजकुराचा. श्लोकाच्या मध्ये रेघ आली की पूर्वार्ध दुसऱ्या खणात राहतो आणि उत्तरार्ध तिसऱ्या खणात पडतो. तिसऱ्या खणाचे साच्याला काही काम नसते. तो उत्तरार्ध टाकून देतो. काही विकींवर अशा वेळी तक्रारीची ओळ येते, काही ठिकाणी तीही येत नाही. एका सुभाषिताचे असे झालेले आम्ही पाहिले. त्यात पूर्वार्धात प्रश्न होता आणि उत्तरार्धात उत्तर. उत्तर गडप! कित्येक महिने लोक तो नुसता प्रश्न वाचून पुढे जात होते. आम्हीही दोनदा वाचून पुढे गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्यांदा शेवटी दंड का नाही असा संशय आला, आणि स्रोत उघडताच उत्तरार्ध तेथे सुखरूप बसलेला दिसला. तिन्ही रेघा काढून खरे दंड घातले आणि श्लोक पुरा झाला. मराठी अभंगांचे आणि ओव्यांचेही इंग्रजी लेखांत असेच होते. बरोबरीच्या चिन्हानेही मजकूर असाच नाहीसा होतो, कारण त्याच्या डावीकडचे सगळे साच्याला खणाचे नाव वाटते. तेथे मजकुराच्या आधी ‘दोन बरोबर’ असे लिहून हा दुसरा खण आहे हे साच्याला स्पष्ट सांगावे लागते.

आणखी एक. ‘लँग’ ही ओळीपुरती खूण आहे. तीन परिच्छेदांचे अवतरण तिच्यात कोंबले तर गाठी सुटतात. प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र खूण करावी, किंवा संपूर्ण उताऱ्याला पुरणारी वेगळी चौकट वापरावी.

आता आमच्या एका चुकीची हकीगत सांगतो. ती सांगावी की नाही याचा आम्ही बराच विचार केला.

मोटारींच्या पाट्यांची ती यादी हाती आल्यापासून आम्ही मोठ्या उत्साहाने अशी पाने शोधीत होतो. गोव्यातल्या लोकनृत्यांवरील एका लेखात एका गाण्याची ओळ देवनागरीत होती आणि तिच्यावर खूण होती ‘जीए’, म्हणजे आयरिश. आम्हांला हर्ष झाला. ओळ आम्ही वाचली, ती समजली, आणि आम्ही तेथे ‘एमआर’ घातले. बदलाच्या सारांशात लिहिले, ‘आयरिश नव्हे, मराठी’. आणि शाबासकीच्या अपेक्षेने चहा घेतला.

दोन दिवसांनी पाहतो तो आमचा बदल कोणी गोव्याच्या संपादकाने पालटलेला. संज्ञा आता ‘जीओएम’ होती, म्हणजे गोव्याची कोंकणी. सारांशात दोनच शब्द होते: ‘ही कोंकणी.’

पहिल्या क्षणी आम्हांला राग आला. ओळ आम्हांला समजली होती, मग ती मराठी कशी नव्हे? दुसऱ्या क्षणी आमच्या लक्षात आले, की गेल्या शतकात नेमका हाच युक्तिवाद शेकडो व्यासपीठांवरून झाला आहे, कदाचित याही व्यासपीठावरून झाला असेल. समजते, म्हणून आमची बोली. आमची बोली, म्हणून तुमची वेगळी भाषा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमतकौल झाला आणि लोकांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ साली राजभाषेचा कायदा झाला, १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, आणि २०१५ पासून तिचा स्वतःचा विकिपीडिया आहे. इतके सगळे होऊन गेल्यावर आम्ही एका दुपारी दोन अक्षरे टंकून ती ओळ पुन्हा आमच्या घरात ओढून आणली होती, आणि तीही दुरुस्ती म्हणून! ज्याने मूळची ‘जीए’ ही खूण केली होती त्याला निदान ओळ गोव्याची आहे एवढे ठाऊक होते. त्याची चूक अज्ञानाची होती. आमची चूक आम्ही ओळ पुरेशी न वाचल्याची होती. कोंकणी क्रियापद समोर ढळढळीत होते. आम्ही नामे ओळखली आणि क्रियापदाकडे पाहिलेच नाही. त्या संपादकाच्या चर्चापानावर आम्ही क्षमा मागितली. त्यांनी उत्तरी लिहिले, की गोव्यातली प्रत्येक देवनागरी ओळ कोंकणीच असते असेही समजू नका, आमच्याकडे मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत. हेही खरेच, त्याच १९८७ च्या कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा ठेवलेली आहे. म्हणजे पुन्हा ओळच वाचावयास हवी.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. संज्ञा चुकीची दिसली तर आम्ही आधी पानाचा इतिहास उघडतो आणि खूण कोणी, केव्हा, कशासाठी केली ते पाहतो. पुष्कळदा सारांशातच उत्तर असते. मग ओळ मोठ्याने वाचतो, विशेषतः क्रियापद. मग बदल करून झलक पाहतो, आणि सारांशात जुनी संज्ञा कोणत्या भाषेची होती व नवी कोणत्या भाषेची आहे ते लिहितो, म्हणजे आमची चूक दुसऱ्याला लवकर सापडावी. भाषा ओळखता आलीच नाही, तर ‘यूएनडी’ अशी एक संज्ञा आहे. तिचा अर्थ, भाषा निश्चित झालेली नाही. ती घालण्यात कमीपणा नाही. ती घातली म्हणजे यंत्र निदान भलत्या आवाजात बोलत नाही, आणि जाणकाराला येथे काम आहे हे कळते.

पण एक गोष्ट आम्ही करीत नाही, आणि ती फार जण करतात म्हणून थोडे कठोर बोलतो. तांबडी ओळ नाहीशी करण्यासाठी साचाच काढून टाकणे. असे एक उत्साही संपादक आम्ही पाहिले. चुकांच्या वर्गात चाळीसएक पाने होती. त्यांनी एका बैठकीत सर्व साचे काढले आणि वर्ग रिकामा केला. पडद्यावर पाने अगदी नीटनेटकी दिसू लागली. आमच्या संगीतशिक्षकांसाठी मात्र त्या चाळीस ठिकाणी काहीही उरले नाही, आणि आता तेथे चूक आहे हे सांगणारे तांबडे अक्षरही उरले नाही.

काम सांगकाम्यावर सोपवावे, अशी सूचना नेहमी येते. काही काम सोपवता येते. ‘जेपी’ दिसेल तेथे ‘जेए’ कर, असे त्याला खुशाल सांगावे, कारण ‘जेपी’ नावाची भाषाच नाही. पण ‘एमएच’ दिसेल तेथे ‘एमआर’ कर असे सांगितले, तर मार्शल बेटांवरच्या लेखांतली अस्सल मार्शलीज वाक्ये उद्या मराठी होतील, आणि तेथला एखादा अंध वाचक आपल्याच भाषेच्या ओळीवर मौन ऐकत बसेल. गोष्टीतला सांगकाम्या असाच वागतो.

खुणा अति करणे हाही दोषच आहे. परका शब्द कोठवर परका? ‘चावी’, ‘पगार’, ‘बटाटा’ हे पोर्तुगिजांकडून आले. म्हणून त्यांना पोर्तुगीजची खूण केली तर यंत्र, पोर्तुगीज आवाज असलाच तर, आपली चावी लिस्बनच्या उच्चारात म्हणेल. ‘टेबल’, ‘स्टेशन’ यांचेही तेच. जो शब्द आपल्या विभक्ती निमूटपणे घेतो, ‘टेबलावर’, ‘स्टेशनात’, त्याला आम्ही घरचा मानतो. याला अपवाद निघतील. आमचा हा अंदाज आहे, नियम नव्हे. उलट बाजूने पाहिले तर मराठी मराठीच राहून लिपी बदलते. मोडीतली ओळ असेल तर ‘एमआर’पुढे आडवी रेघ देऊन लिपीची संज्ञा ‘मोडी’ लिहितात. मोडी अक्षरांना यंत्रात २०१४ पासून स्वतःचे क्रमांक मिळाले आहेत. आपण फोनवर इंग्रजी अक्षरांत जे मराठी निरोप पाठवतो, त्यांनाही अशीच जोड संज्ञा आहे. ती भाषा इंग्रजी नव्हे, अक्षरे रोमन आहेत एवढेच.

आणि मग आपल्या घरातलाच प्रश्न येतो. जुन्या मराठीला ‘ओएमआर’ अशी वेगळी संज्ञा आहे. अहिराणीला ‘एएचआर’, वऱ्हाडी-नागपुरीला ‘व्हीएएच’ आहे. महानुभाव ग्रंथांतल्या वाक्याला कोणती संज्ञा लावावी? आमच्या मते जुनी मराठी, आणि ज्ञानेश्वरीलाही तीच. यावर चर्चापानांवर वाद आहेत आणि आमच्या विरुद्ध बोलणारे विद्वान आहेत. अहिराणीविषयी मात्र आम्ही गोव्याच्या अनुभवानंतर स्वतः काही ठरवावयाचे नाही असे ठरवले आहे. आमच्या वहीत खानदेशावरच्या लेखांमधल्या सात ओळी उतरवून ठेवल्या आहेत. सातही ओळी आम्हांला समजतात, म्हणूनच त्यांना आम्ही हात लावलेला नाही. सध्या त्यांच्यावर ‘यूएनडी’ आहे. सभागृहात धुळे-जळगावकडची मंडळी असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर पाच मिनिटे थांबावे. वही आम्ही बरोबर आणली आहे, आणि चिटणीसांनी चहाची व्यवस्था बाहेरच्या ओसरीवर केली आहे.